तीस रेघांचा टीव्ही गॅरेजमध्ये: प्रकल्प नोंदी

11 जानेवारी 2025, कॉव्हेंट्री

काम असं आहे: 1930 मध्ये स्कॉटिश संशोधक जॉन लोगी बेअर्डच्या कंपनीने ब्रिटनमध्ये विकायला काढलेला 'टेलिव्हायझर' मूळ मोजमापांना धरून बनवायचा, पण आजच्या सुट्या भागांतून. 30 रेघा, सेकंदाला साडेबारा चित्रं. पिक्चर ट्यूब नाही. फिरणारी चकती, तिच्यामागे दिवा, पुढे भिंग, बास. मूळ संच प्लेसी कंपनीने बांधले होते. किंमत 25 गिनी, म्हणजे 26 पौंड 5 शिलिंग. खपले साधारण हजारभर.

इथे यांत्रिक टीव्हीचे हौशी लोक आहेत. 1975 पासून त्यांची संघटनाच आहे. त्यातले बहुतेक जण 32 रेघांवर काम करतात. तेच करा, सोपं पडेल, असं मलाही सांगितलं गेलं. पण मला 30 च हव्यात, कारण बीबीसीचं 1930 च्या दशकाच्या सुरुवातीचं प्रसारण 30 रेघांचं होतं, आणि 1933 मधला एक कार्यक्रम कुणा हौशी माणसाने घरच्या घरी तबकडीवर ध्वनी म्हणून उतरवून ठेवला होता. डॉन मॅक्लीन यांनी तो संगणकावर साफ करून पुन्हा दिसता केला. तसला सिग्नल माझ्या चकतीवर पाहायचाय.

18 जानेवारी

आकडेमोड एकदाच लिहून ठेवतो, पुढे सारखी लागणार आहे.

चकतीचा व्यास 20 इंच, म्हणजे 508 मिमी. कडेला सर्पिलात 30 भोकं, दर 12 अंशांवर एक. चकती फिरताना एक भोक चित्राची एक रेघ काढतं. सगळ्यात बाहेरचं भोक केंद्रापासून 230 मिमी धरलं तर दोन भोकांमधलं अंतर 48 मिमी. तीच चित्राची उंची. बेअर्डचं चित्र उभं, 7 ला 3. म्हणजे रुंदी साधारण 20.6 मिमी. त्याला 30 ने भागलं की एका रेघेची रुंदी 0.69 मिमी. भोकही तेवढंच.

चित्र एवढुसं, काडेपेटीपेक्षा अरुंद. वेग मिनिटाला 750 फेरे. रेघा उभ्या, खालून वर जाणाऱ्या, उजवीकडून डावीकडे सरकणाऱ्या. उभ्या रेघा का, याचं उत्तर आकारातच आहे. दाखवायचं होतं माणसाचं डोकं आणि खांदे, किंवा उभा नट.

26 जानेवारी

पहिली चकती. 1.5 मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, कागदावर छापलेला नकाशा वर चिकटवला, पंच मारला, 0.7 च्या ड्रिलने हाताने भोकं पाडली. ड्रिलचे तुकडे किती पडले ते विचारू नका.

मागे साधा बल्ब लावून फिरवली. चौकोनी उजेड दिसायला हवा होता. दिसला काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा पडदा. भोक 0.1 मिमी आत-बाहेर झालं की रेघेच्या रुंदीच्या 15 टक्के चूक होते. एका बाजूला फट पडते, दुसऱ्या बाजूला रेघ रेघेवर चढते. आणि ही पट्टी चित्र कितीही बदललं तरी जागची हलत नाही. पंच घसरला की 0.1 कुठल्या कुठे जातो. हाताने हे होणार नाही. निदान माझ्या हाताने तरी.

9 फेब्रुवारी

दुसरी चकती एका वर्कशॉपमधून लेझरवर कापून आणली, 42 पौंड. जागा अचूक आल्या. पण पत्रा परत 1.5 चाच दिला होता, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. भोक 0.7 चं आणि खोली 1.5 ची म्हटल्यावर ते भोक राहत नाही, बोगदा होतो. बरोबर समोर डोळा ठेवला तरच उजेड दिसतो. मान चार बोटं हलवली की अर्धं चित्र काळं. शिवाय लेझर आत शिरताना प्रत्येक भोकाची कड थोडी वितळलेली, एक गोल तर दुसरं लिंबासारखं.

वजनाचा मुद्दाही आहे. 1.5 मिमीची चकती 820 ग्रॅम भरते, 0.5 मिमीची 270. आज हे किरकोळ वाटतंय, पण फिरत्या चाकाचा वेग आवरायची वेळ आली की हाच फरक भोवेल.

22 फेब्रुवारी

तिसरी चकती 0.5 मिमीची. दोन एमडीएफ फळ्यांच्या मध्ये पत्रा दाबून सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशिनवर भोकं पाडून घेतली. 65 पौंड गेले, पण भोकं एकसारखी आणि कडा स्वच्छ. हातात धरली की पापडासारखी वाकते, म्हणून आधी जीव धास्तावला. फिरायला लागली की आपोआप ताठ होते.

दोन सूचना. एक, मध्यभागी दोन्ही बाजूंनी 80 मिमीचे फ्लँज (आधाराच्या जाड गोल तबकड्या) लावा, नाहीतर पत्रा शाफ्टपाशी फाटेल. दोन, झाकणाशिवाय चालवू नका. 750 फेऱ्यांना कडेचा वेग सेकंदाला 20 मीटर, म्हणजे तासाला 72 किलोमीटर होतो, आणि कड सुरीसारखी असते. मी 6 मिमी पॉलिकार्बोनेटची पेटी केली.

तोल साधायला शाफ्ट दोन आडव्या पट्ट्यांवर ठेवायचा. जड बाजू खाली येते, समोरच्या बाजूला टेपचा तुकडा चिकटवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलं तर अख्खं टेबल थरथरतं.

1 मार्च: उजेड

मूळ संचात सपाट पत्र्याचा निऑन दिवा असायचा आणि तो रेडिओच्या शेवटच्या व्हॉल्व्हला जोडलेला. स्पीकरऐवजी दिवा. आवाजाचा सिग्नल उजेडाच्या चढउतारात बदलायचा. हे शक्य होतं कारण 30 रेघांचा सिग्नल मुळात आवाजाएवढाच आहे: 30 गुणिले 70 ठिपके, सेकंदाला साडेबारा वेळा, आणि दोन ठिपक्यांना (एक उजळ, एक काळा) एक आवर्तन, म्हणजे साधारण 13 किलोहर्ट्झ. मध्यम लहरीच्या रेडिओतून जेमतेम तेवढंच जाऊ शकायचं. 30 रेघांवर हसणारे लोक हे विसरतात. बेअर्डला जास्त रेघा नको होत्या असं नाही. त्या पाठवायला वाट नव्हती.

निऑनच्या नादी मी लागलो नाही. 180 व्होल्ट गॅरेजमध्ये मोकळे ठेवायचे नव्हते, घरात लहान मूल आहे. नारिंगी-लाल एलईडी 24, मागे ॲल्युमिनियमची पट्टी, पुढे दुधी ॲक्रिलिक. निऑनच्या रंगाच्या बऱ्यापैकी जवळ जातो.

आधी एलईडी आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डाच्या पीडब्ल्यूएमवर, म्हणजे भराभर उघडझाप करून उजेड कमी-जास्त करायच्या पद्धतीवर, चालवायला गेलो. करू नका. तो 490 हर्ट्झवर उघडझाप करतो आणि इथे सेकंदाला 375 रेघा येतात. दोन्ही एकमेकांत अडकून चित्रभर तिरके पट्टे फिरतात. ऑप-ॲम्प आणि मॉस्फेट या भागांतून उघडझाप न करता सलग करंट देणारा साधा करंट सोर्स बांधला, पट्टे गेले.

मग एलईडीचे ठिपके चित्रात दिसू लागले, चेहऱ्यावर देवी उठल्यासारखे. ॲक्रिलिक 10 मिमीवरून 25 मिमीवर नेलं आणि दुसरा दुधी तुकडा लावला. ठिपके गेले, उजेडही गेला. तसाही तो बेताचाच, कारण कुठल्याही क्षणी एकच भोक चित्रावर असतं. दिव्याच्या उजेडाच्या 2100 भागांतला एक डोळ्यापर्यंत पोचतो. करंट वाढवला, पट्टीमागे पंखा लावला. खोलीत अंधार करूनच पाहावं लागतं.

8 मार्च: सिग्नल

व्हिडिओ फाइलचे 30 रकाने करून ते खालून वर, उजवीकडून डावीकडे ओळीत लावायचे आणि ध्वनिफाइल म्हणून लिहायचे, एवढी पायथनची छोटी स्क्रिप्ट. प्रत्येक रेघेच्या शेवटी थोडा काळा भाग.

चित्र दिसलं, पण सतत वर सरकत होतं, पाऊण सेकंदाला अख्खी एक उंची. त्या वेळी मोटर क्वार्ट्झच्या ठोक्यावर बांधून ठेवली होती, बरोबर 750. दोन संध्याकाळी मी मोटरवरच संशय घेत बसलो. दोष फाइलमध्ये होता. फाइल सेकंदाला 44,100 नमुन्यांची होती. 44,100 भागिले 375 म्हणजे 117.6, आणि स्क्रिप्टने त्याचे सरळ 118 केले. रेघा सेकंदाला 373.7 झाल्या. चकतीला 747.5 फेरे हवे होते आणि ती इमानदारीत 750 घेत होती.

48,000 नमुने घ्या. भागिले 375 बरोबर 128 येतात. एक आकडा बदलला आणि चित्र थांबलं.

इतर खड्डे पटापट सांगतो. एमपी3 नको, डब्ल्यूएव्हीच वापरा, कारण एमपी3 कानाला फसवायला बनवलंय, डोळ्याला नाही. ब्लूटूथही त्याच कारणाने नको, वायर लावा. लॅपटॉपमधली 'आवाज सुधारणा' बंद करा. माझ्याकडे खर्ज वाढवणारं काहीतरी चालू होतं, त्यामुळे चेहऱ्याची डावी बाजू कायम सावलीत. साउंड कार्डमधून स्थिर पातळी जात नाही, म्हणून गडद दृश्य आलं की काळं राखाडी होतं. रेघेच्या शेवटचा काळा भाग पकडून तिथे पातळी शून्यावर ओढणारा क्लॅम्प लावावा लागला. आणि व्हिडिओतला उजेड जुन्या पडद्यांच्या सवयीने वाकवलेला असतो, एलईडी मात्र सरळ चालतो, म्हणून स्क्रिप्टमध्येच 2.2 चा घात लावा. तो लावेपर्यंत सगळी माणसं पीठ फासल्यासारखी दिसत होती.

9 मार्च

अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात. सर्पिलाची दिशा चुकली. चकती काढली, पलटून बसवली, फिरण्याची दिशा तीच ठेवली. वीस मिनिटांचं काम. फ्लँज दोन्ही बाजूंनी सारखे होते म्हणून निभावलं.

16 मार्च: ताळमेळ

खरं डोकं इथे लागतं. चकतीला भोकं पाडणं ही कारागिरी आहे, पैसे दिले की होते. पाठवणारी चकती आणि बघणारी चकती एकाच वेगाने, एकाच जागी फिरवत ठेवणं ही मात्र सगळ्या यांत्रिक टीव्हीची दुखरी नस होती.

टेलिव्हायझरमध्ये यासाठी मोटरच्या शाफ्टवर 30 दातांचं लोखंडी चाक आणि शेजारी दोन विद्युतचुंबक असायचे. चित्राच्याच सिग्नलमधून 375 हर्ट्झचा ठोका त्यांना मिळायचा. दात उशिरा आला की पुढे ओढायचा, लवकर आला की मागे. मोटर आधी जवळजवळ 750 वर आणायची ती हातानेच, बटण फिरवून.

क्वार्ट्झ सोडून मीही तेच बनवलं. 3 मिमी लोखंडी पत्र्यातून चाक कापून घेतलं (18 पौंड), जुन्या रिलेची दोन कॉइल लावली, मागे छोटा ॲम्प्लिफायर. हातात बटण आणि डोळा भिंगाला. चित्र तिरपं वाहतं, सावकाश होतं, उभं राहतं आणि एकदम पकडलं जातं. पकडलं की बोटांना मोटरचा आवाज बदललेला कळतो. मग काही वेळाने ते डोलायला लागतं, एक-दोन रेघा पुढे, एक-दोन मागे, आणि सुटतं.

जड चकती परत लावून पाहिली. पकडलीच जाईना. 820 ग्रॅम आणि त्यातलं बरंचसं कडेला, तेवढ्या चाकाला ते दोन चुंबक काय ओढणार? 270 ग्रॅमचीही डोलतेच, पण सावरते. शाफ्टवर फेल्टची चकती हलकी घासत ठेवली तर डोलणं निम्म्यावर आलं.

दुसरा त्रास मजेशीर आहे. पडद्यावर आडवी पांढरी पट्टी असलेलं काहीही आलं, उदाहरणार्थ टेबलाची कड, की तीही दर रेघेला एकदा येते, म्हणजे तोही 375 चाच ठोका. चुंबकांना कळत नाही की कुठला ठोका ताळमेळाचा आणि कुठला टेबलाचा. चित्र वर-खाली घसरतं.

आणि ठोका पकडला तरी चित्र जागेवर असेल असं नाही. चाकाला 30 दात, म्हणजे अडकायच्या जागा 30. त्यातली एकच बरोबर. बाकी 29 मध्ये डावा कान उजवीकडे आणि नाक कडेला. बोटाने फ्लँजला हलका ब्रेक लावून एकेक दात सोडत जायचं. वर-खालचं जमवायला चुंबकांची चौकटच थोडी फिरवावी लागते. मूळ संचात त्याला वेगळं बटण होतं.

1930 मध्ये बेअर्डने पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्याकडे, 10 डाउनिंग स्ट्रीटला, असाच एक संच बसवला होता. तिथे चित्राचे कान कोण जागेवर आणत असेल, याचा विचार करत बसलो होतो.

22 मार्च

जुन्या पद्धतीला आठवडा दिला, पुरे. मोटरवर 30 खाचांची छोटी चकती आणि प्रकाश-सेन्सर लावला, एक वेगळी खाच चित्राच्या सुरुवातीसाठी. आर्डुइनो सिग्नलमधला काळा ठोका आणि खाच यांतला फरक बघतो आणि मोटरचा करंट कमी-जास्त करतो. आता संच चालू केला की थोड्या वेळात चित्र आपोआप जागेवर येतं. लोखंडी चाक शाफ्टवर तसंच ठेवलंय, एका स्विचवर जुनी पद्धत परत येते. पाहुण्यांना तीच आवडते.

एक अडचण राहिली होती: चित्रात ठिणग्यांसारखे पांढरे कण. मोटरच्या ब्रशचा खरखराट एलईडीच्या लाइनवर येत होता. दोघांचा वीजपुरवठा वेगळा केला, मोटरच्या टोकांना 100 नॅनोफॅरडचे कॅपॅसिटर झाळले. गेले.

30 मार्च, गुढीपाडवा

चार घरं जेवायला आली होती, श्रीखंडानंतर सगळे गॅरेजमध्ये. भिंगातून एका वेळी एक-दोघांनाच दिसतं, म्हणून रांग. सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया एकच, "काय लुकलुकतंय हो हे!" सेकंदाला साडेबारा चित्रं म्हटल्यावर लुकलुकणारच.

पण एक गोष्ट तेव्हा नीट लक्षात आली. स्थिर फोटो लावला तर कुणालाच कोण ते ओळखता येईना. तोच चेहरा वेबकॅमवरून हलता दाखवला की लगेच "अरे, ही तर आपली धाकटी". डोकं हललं, ओठ हलले की डोळा मधल्या जागा भरून काढतो. म्हणून तुमचा संच स्थिर चित्रावर तपासून निराश होऊ नका.

धाकटीचा चेहरा आधी नुसता नारिंगी डाग दिसत होता. बीबीसीच्या 30 रेघांच्या स्टुडिओत नटांचे चेहरे पांढरे रंगवून डोळे-ओठ निळसर काळे करायचे, हे वाचलेलं होतं. घरात काजळ होतं. भुवया जाड केल्या, ओठांवरही फिरवलं, नाकाच्या दोन बाजूंना बारीक रेघ. बाहेर ती भुतासारखी दिसत होती, भिंगात मात्र स्वच्छ चेहरा, हसली की दातसुद्धा. तिने ते पुसायला साफ नकार दिला आणि तशीच पंक्तीत जाऊन बसली.

अक्षरांचा प्रयोग फसला. 30 रकान्यांत देवनागरीची दोनच अक्षरं धड मावतात. 'आई' वाचता येतं, पण ई वरचा रफारासारखा फराटा शिरोरेषेत विरघळतो.

12 एप्रिल

1929 मधला प्रयोग करून पाहिला. 30 सप्टेंबर 1929 ला बीबीसीच्या लंडन केंद्रावरून बेअर्डचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं तेव्हा त्यांना एकच ट्रान्समीटर मिळाला होता. त्यामुळे माणूस आधी नुसता दिसायचा, मग नुसता ऐकू यायचा. मार्च 1930 मध्ये ब्रुकमन्स पार्कचे दोन ट्रान्समीटर मिळाल्यावर चित्र आणि आवाज एकत्र आले.

एका मित्राचं बोलतानाचं मुकं चित्र आणि नंतर त्याचाच आवाज, असं दोन-दोन मिनिटांनी वाजवलं. आवाज चालू असताना दिव्याचा सिग्नल जातो, ताळमेळ सुटतो आणि चित्र परत आलं की सगळं पुन्हा जुळवा. जुन्या पद्धतीच्या स्विचवर तर पहिलं अर्धं मिनिट वायाच. इतकं सोसून जे लोक रोज बघायचे, त्यांना माझा दंडवत.

बिनतारी पाठवायचा मोह होतोय. विनापरवाना मध्यम लहरीवर प्रसारण इथे बेकायदा आहे, म्हणून वायरच ठेवली.

26 एप्रिल

लंडनला काम होतं, फ्रिथ स्ट्रीटच्या 22 नंबरला जाऊन आलो. खाली कॉफीचं दुकान, भिंतीवर पाटी. 26 जानेवारी 1926 ला बेअर्डने वरच्या खोलीत रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना चित्र दाखवलं. आधीच्या ऑक्टोबरात तिथेच 'स्टूकी बिल' या बाहुल्याचं डोकं त्याला करड्या छटांसह दिसलं होतं, आणि मग त्याने इमारतीतल्या विल्यम टेन्टन या पोऱ्याला खाली जाऊन धरून आणलं. बाहुला वापरायचं कारण म्हणजे दिव्यांची धग.

बेअर्डला 'टीव्हीचा जनक' म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांत मी नाही. फिरत्या चकतीचं पेटंट जर्मनीतल्या पॉल निपकोचं, 1884 चं. आणि या वाटेने फार पुढे जाता येणार नाही, कॅथोड किरण (पुढे पिक्चर ट्यूबमध्ये आले ते) लागतील, हे स्कॉटिश अभियंता कॅम्पबेल स्विंटनने 1908 मध्येच लिहून ठेवलं होतं. तसंच झालं. 11 सप्टेंबर 1935 ला 30 रेघांचं प्रसारण बंद पडलं, नोव्हेंबर 1936 ला अलेक्झांड्रा पॅलेसमधून नवी सेवा सुरू झाली, आणि 1937 च्या सुरुवातीला बेअर्डच्या 240 रेघांना बाजूला सारून मार्कोनी-ईएमआयच्या 405 रेघा कायम झाल्या. 25 गिनी मोजलेल्या माणसाचा संच पाच वर्षांत अडगळीत. पण हे सगळं चालू शकतं, आणि लोक घरात बसून बघू शकतात, हे ब्रिटनला आधी बेअर्डने दाखवलं. ते श्रेय त्याचंच.

10 मे: खर्च आणि शिल्लक काम

तीन चकत्या आणि पत्रा 130 पौंड, मोटर आणि बेअरिंग 48, लोखंडी चाक 18, पेटीचं पॉलिकार्बोनेट 35, एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक्स 40, भिंग 22. जवळजवळ 300. थेट तिसऱ्या चकतीपासून सुरुवात केली असती तर 60-65 पौंड वाचले असते, आणि फेब्रुवारी महिना.

वेळेचं म्हणाल तर सर्वांत जास्त ताळमेळाने खाल्ला, त्याखालोखाल चकतीने. लाकडी पेटी अजून व्हायचीय, तिला सगळ्यात शेवटी हात लावा. मोटर आणि दिव्याच्या जागा शेवटपर्यंत बदलत राहतात.

भिंग बदलायचंय. सध्याचं स्वस्तातलं प्लास्टिकचं आहे, कडेच्या चार-पाच रेघा वाकवतं. काचेचं 100 मिमी व्यासाचं मागवलंय. आणि अर्धा तास चालल्यावर मोटर गरम होऊन वेगाचा ताबा पुन्हा ढिला होतो, एखादी रेघ डोलायला लागते. पुढच्या खेपेला ब्रश नसलेली मोटर लावून बघणार आहे. कुणी लावली असेल तर कमी वेगावर ती झटके देते का, तेवढं कळवा.